मुक्कामाला गेलेली पट्टी

अण्णा,

आरशावरची तुमची शेवटची औषधाची पट्टी परवापर्यंत तशीच होती. मोरीजवळ खिळ्याला टांगलेला आपला जुना आरसा, त्याच्या वरच्या कोपऱ्यात वहिनींच्या टिकल्या, आणि त्यांच्याच रांगेत तुमची पट्टी. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, दादा परत बाहेरगावच्या ड्यूटीवर गेला, तरी ती कुणी काढली नाही. सकाळी तोंड धुताना मी तिच्याकडे बघायचे. माझ्यानंतर वहिनी बघायच्या. आम्ही दोघी एकमेकींवर लक्ष ठेवून होतो, हिने आधी हात लावू नये म्हणून.

तुमच्याविषयी काही लिही, असं दादा म्हणाला. "तू शिकलेली हायस, तूच लिही." तुम्ही एसटीत आधी कंडक्टर, मग कंट्रोलर म्हणून किती वर्षं काढलीत आणि सोनपेठच्या स्टँडवर तुमचा आवाज कसा घुमायचा, हे गावाला माहीत आहे. ते मी लिहीत नाही. मला जे लिहायचं आहे ते चांगलं दिसणार नाही. या घरात मी कशाचा सगळ्यात जास्त हेवा केला असेल तर त्या पट्टीचा. पोस्टाच्या तिकिटाएवढी, पातळ, जवळून पाहिल्याशिवाय दिसणारही नाही अशी. ती दिवसभर तुमच्या अंगाला चिकटून असायची. आणि तिच्याहून जास्त हेवा केला तो ती लावणाऱ्या हाताचा. तो हात माझा नव्हता.

परभणीच्या डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्यांदा पट्टी दिली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. चढ चढताना छातीत जे दाबल्यासारखं होतं, जी कळ जबड्यापर्यंत येते, तिला अंजायना म्हणतात, हृदयाला रक्त कमी पडतं, असं ते म्हणाले. ऑपरेशनचं नाव काढताच तुम्ही चप्पल शोधायला लागलात. "कापाकापी सोडून काय असंल ते द्या." मग गोळ्या, अचानक कळ आली तर जिभेखाली ठेवायची वेगळी गोळी, आणि रोज सकाळी लावायची ही पट्टी. पहिली पट्टी तिथल्या नर्सने लावली. तुम्ही दंडाकडे बघून म्हणालात, "हे तर हाफ तिकीट हाय." ती हसली नाही. मी हसले, पण माझं हसणं कुणाला ऐकू जात नाही.

परतीच्या गाडीत तुमचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, सुरुवातीला दुखेल म्हणून. तुम्ही खिशातून रुमाल काढला, घडी घातली आणि कपाळाला करकचून बांधला. तसाच रुमाल तुम्ही माझ्या कपाळाला बांधायचात, मी हॉस्टेलला असताना. मला पाचवीपासून अर्धशिशी. परभणीच्या इंग्रजी शाळेत तुम्ही मला घातलं आणि तिथल्या हॉस्टेलच्या खाटेवर मी उशीत डोकं खुपसून पडायचे. वॉर्डनने स्टँडवर फोन केला की तुम्ही मिळेल त्या गाडीने यायचात, खाकी कपड्यांतच. रुमाल बांधायचात. ज्या माणसाचा आवाज स्टँडच्या पत्र्यांना हादरवायचा, तो माझ्यापाशी एक शब्द न बोलता बसायचा. मला वाटायचं, हे दुखणं जाऊच नये.

त्या दिवशी गाडीत, डोळे मिटून तुम्ही म्हणालात, "तुला असंच होतं का गं माय?"

"हो."

"एवढं?"

"कधी कधी याहून जास्त."

पाथरी येईपर्यंत तुमचा हात कपाळावरच्या रुमालाच्या गाठीवर होता.

संध्याकाळी घरी मी पट्टीच्या खोक्यातला कागद उघडला. बारीक इंग्रजी. या घरात तो वाचणारी मी एकटी, आणि मला त्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. पट्टी रोज वेगळ्या जागी लावायची. केस नसलेल्या, कोरड्या कातडीवर. कापायची नाही. त्या जागेला शेक द्यायचा नाही. रात्री काढून ठेवायची, कारण अंगाला सवय झाली की औषध लागू पडत नाही. लावणाऱ्याने चिकट बाजूला बोट लावायचं नाही, नंतर हात धुवायचे, औषध बोटांना लागलं तर त्याचंही डोकं दुखू शकतं. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि टाकून द्यायची. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तुम्ही पाटावर बसून, परीक्षेला बसल्यासारखे. एवढं लांबलचक मी तुमच्यासमोर कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होते. हात धुतले, टॉवेलने पुसले, पाकीट फाडलं. तुम्ही सदऱ्याची बाही वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि बाही परत खाली घेतलीत.

"तू नको. रेणुकाला बोलव."

हे दोन शब्द, तू नको, मी तेव्हापासून सांभाळून ठेवले आहेत. त्यांचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. विचारणाऱ्यांतली मी नव्हतेच.

वहिनींचं आणि तुमचं तोपर्यंत बोलणंही नव्हतं. चुडाव्याकडच्या त्यांच्या घरी सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायची आणि थेट न बोलायची रीत, आणि आपल्याकडेही आईच्या वेळेपासून तीच. तुम्ही ताटावर बसलेले असायचात, त्या हातभर अंतरावर उभ्या असायच्या आणि मला म्हणायच्या, "ताई, मामांना इचारा, अजून भाकर वाढू का?" तुम्ही मला म्हणायचात, "तिला म्हणावं अर्धी." मी मध्ये बसून दोन्हीकडचं इकडून तिकडे करायचे. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या मुलीला ते काम फार सोयीचं होतं. बोलणं दुसऱ्यांचं असायचं आणि जागा माझी.

तर वहिनी आल्या. एका हाताने डोक्यावरचा पदर धरलेला. पण त्या पट्टीचं पाठीमागचं कागदासारखं आवरण काढायला दोन्ही हात लागतात. त्यांनी एका हाताने करून पाहिलं, दातांत धरून पाहिलं. पट्टी त्यांच्याच अंगठ्याला चिकटली. तुम्ही तोंड भिंतीकडे करून, दंड उघडा टाकून थांबलेले. शेवटी तुम्हीच भिंतीला म्हणालात, "राहू दे पोरी. पदर सांभाळायचा का पट्टी? एक कायतरी कर."

वहिनींनी पदर सोडला. दोन्ही हातांनी पट्टी सोडवली, लावली आणि तळहाताने दाबून धरली. थोडा वेळ दाबून धरावी असं कागदात होतं, मीच वाचलं होतं. तेवढा वेळ मी फाटलेलं पाकीट हातात घेऊन उभी होते.

त्या दिवसापासून तुमच्या दोघांच्या मधली माझी जागा गेली.

हळूहळू त्या सकाळी गमतीच्या होत गेल्या. मी आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडून बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाही. बाहेरून वहिनींचा आवाज, "मामा, आज कुठं?" आणि मग तुमचा, स्टँडवरचा तो आवाज, "परवाशांनी लक्ष द्या! आजची गाडी डाव्या दंडावर न लागता उजव्या खांद्यावर लागत हाय! गर्दी करू नका!" वहिनी हसायच्या. पदर तोंडाशी घेऊन हसणं वेगळं ऐकू येतं. हे तसं नव्हतं. मोकळं होतं. मला आठवत नाही, अण्णा, तुम्ही मला कधी असं हसवलं असेल. माझ्यासाठी तुमच्याकडे रुमाल होता. स्टँडवरचा आवाज त्यांच्यासाठी.

छातीवर लावायला जागा मोकळी हवी म्हणून तुम्ही स्टँडसमोरच्या न्हाव्याकडून केस काढून आलात, चौकोन चौकोन. तो म्हणाला होता, "कंट्रोलर साहेब, प्लॉटिंग चालू केली का? कोपऱ्याचा प्लॉट मला द्या." ही गोष्ट तुम्ही घरी येऊन सांगितलीत. कुणाला? वहिनींना. मी पण तिथेच होते, ताट पुसत.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते आता मी एकटीच भांडते. रात्री झोपायच्या आधी तुम्ही पट्टी काढायचात आणि दुमडून टाकण्याऐवजी आरशावर चिकटवायचात, वहिनींच्या टिकल्यांशेजारी. "आता ही मुक्कामी गाडी. सकाळी सुटंल." सकाळी नवी पट्टी लागली की जुनी निघायची.

"अण्णा, तिच्यात अजून औषध असतं. दुमडून टाकायची असते."

"बाया टिकली लावतेत तशी मी ही लावायलोय. तुझं काय जायलंय?"

"कुणी हात लावला तर?"

"कोण लावायलंय हात? घरात हायेत कोण? तू, ती अन् मी."

खरं तर मला औषधाची काळजी कमी होती. त्या आरशात माझं काहीच नव्हतं, हे मला खुपायचं. मी टिकली लावत नाही. रोज सकाळी त्या काचेवर तुमची दोघांची नोंद असायची आणि मध्ये माझं तोंड.

आणि करीमचाचांचं प्रकरण. तुमच्याबरोबर ड्रायव्हर होते ते करीमचाचा. पट्टी बघून म्हणाले, "अण्णा, एक मलाबी द्या की. गुडघा लय सतवायलाय." तुम्ही दिलीत! पाठदुखीची पट्टी असावी तशी उचलून दिलीत. चाचांनी गुडघ्याला लावली, आणि चहाच्या हॉटेलासमोर उभे राहता राहता चक्कर येऊन बाकावर आडवे झाले. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. हे रक्तदाब खाली आणणारं औषध आहे, दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असतं. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी गप्प झाल्यावर हळूच म्हणालात, "पण गुडघा दुखायचा राहिला म्हणे." आतून वहिनी फिस्सकन हसल्या, आणि तुम्हीही. माझा राग तुमच्या दोघांच्या हसण्यात विरघळून गेला. तो खरा होता, मला हवा होता.

पट्टीने तुम्हाला बरं ठेवलं, हेही लिहायला हवं. तुम्ही परत बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन जायला लागलात. चढावर थांबायचात, पण कळवळायचा नाहीत. उन्हाळ्यात घामाने पट्टीचं टोक सुटायचं तेव्हा तुम्ही कुणाशी बोलता बोलता सदऱ्यावरूनच ते दाबायचात. खिशातलं तिकिटाचं पाकीट जागेवर आहे का बघावं, तसं. या दीड-दोन वर्षांसाठी मी त्या पट्टीची, त्या कागदाची आणि वहिनींचीही ऋणी आहे. पण आभार मानताना सुद्धा माझे दात एकमेकांवर असतात, काय करू.

तुमचं जाणं त्या मुक्कामाच्या वेळेतच झालं. पट्टी आरशावर होती. सकाळी वहिनी चहा आणि नवी पट्टी घेऊन तुमच्या खाटेपाशी गेल्या. "मामा, आज कुठं?" मी आतून ऐकलं. उत्तरासाठी मी पुस्तकातून मान वर केली होती. उत्तर आलं नाही. त्यांनी परत विचारलं, मग हळू आवाजात परत. मग कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. फुटल्याचा नाही, नीट ठेवल्याचा. त्या आवाजावरून मला कळलं.

म्हणजे तुमचं जाणंसुद्धा आधी त्यांना कळलं, अण्णा. मला त्यांच्याकडून.

परवा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मोरीशी वहिनी भांडी विसळत होत्या, मी पुसत होते. आरसा समोरच. मी विचारलं. इतके दिवस तुम्हाला विचारलं नाही ते त्यांना विचारलं, कारण आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"वहिनी, पहिल्या दिवशी अण्णा मला तू नको का म्हणाले?"

त्यांचा हात थांबला. "तुमाला माहीत न्हाई?"

"नाही."

"काय ताई. तुमीच तर वाचून दाखवलं हुतं. बोटाला औषध लागलं तर लावणाराचं डोकं दुखतं म्हणून." त्यांनी तांब्या पालथा घातला. "त्याच सांजी मामा दारात आले. माझ्याशी पयल्यांदाच बोलले. म्हणले, तिच्या हाती ही पट्टी देऊ नको. तिचं डोकं आधीच दुखतं. लय दुखतं, मला आज कळलं."

मी पुसत असलेलं ताट पुसतच राहिले.

"आणि तुमचं?" मी विचारलं. "तुमचं दुखायचं?"

"पयले पयले लय. हात धुवायचे तरी. पट्टी सोडवताना अंगठ्याला लागायचीच."

"मग सांगितलं का नाही?"

त्या हसल्या. ते मोकळं हसणं नव्हतं. "कुणाला सांगू? मामांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मामांनी आपल्या हातानं वाकडीतिकडी लावून घेतली असती. मग माझ्याशी कोण बोलायलं हुतं? या घरात येऊन मी तुमच्या तोंडानं बोलत हुते, ताई. अर्धी भाकर म्हणा, पूर्ण म्हणा." मग भांड्यांकडे बघत म्हणाल्या, "तुमाला सांगते, मला तुमचा लय हेवा वाटायचा. तुमचं डोकं दुखू नये म्हणून माझं डोकं. पोरीचं दुखणं बापाला कळतं. सुनेच्या डोक्याचं कुणाच्या ध्यानात येतंय?"

अण्णा, हे तुम्ही बरोबर केलंत असं मला म्हणता येत नाही. माझ्यापासून दूर ठेवलेलं दुखणं तुम्ही दुसऱ्या मुलीच्या कपाळाला बांधलंत, आणि तिला रुमालही दिला नाहीत. त्या गाडीत तुमचं डोकं दुखलं म्हणून तुम्हाला माझं दुखणं समजलं. वहिनींचं समजायला काय व्हायला हवं होतं? तुम्ही असतात तर मी हे तुमच्या तोंडावर विचारलं असतं. आता विचारता येतं मला.

पण तुमच्यावर रागावून झाल्यावर जे उरलं ते हे आहे, आणि ते मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही मला वाचवलंत. मला वाचायचं नव्हतं. मला ते डोकं दुखायला हवं होतं. रोज सकाळी, तुमच्या खांद्यावर तळहात दाबून धरल्यानंतर, दुपारपर्यंत माझं कपाळ ठणकायला हवं होतं, म्हणजे मला कळलं असतं की तुमच्यातलं काहीतरी माझ्यातही उतरलं.

वहिनी हात पुसत उठल्या. आरशाकडे बघून म्हणाल्या, "काढा आता तुमी. मी लावल्या सगळ्या. ही एक तुमी काढा."

मी टोक नखाने सोडवलं. काचेवर गोंदाचा एक पुसट चौकोन राहिला, धूळ धरलेला. पट्टी मी अंगठ्याने आणि बोटांनी चिकट बाजूवर सगळीकडून दाबली, कागदात नको म्हटलं होतं तशी, आणि मग कागदात सांगितल्याप्रमाणे चिकट बाजू आत घेऊन दुमडली. हात धुतले नाहीत. त्याच हातांनी पीठ मळू नये म्हणून स्वयंपाकाला वहिनी बसल्या आणि मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले, वाट बघत. दिवस कलला. दिवाबत्ती झाली.

"दुखायलंय का?" भाकरी थापता थापता वहिनींनी विचारलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"नाही."

"माझं तर लगेच दुखायचं," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्याचाही मला हेवा वाटला.